बारावीला तर पंच्याऐंशी टक्के होते

निकाल लागला त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या मुलावर झालेली चर्चा चहाचा कप संपेपर्यंतच टिकली. बीएस्सीचं तिसरं सत्र, सातपैकी पाच विषय राहिलेले. कुणीतरी विचारलं, बारावीला किती होते? पंच्याऐंशी टक्के. ‘म्हणजे डोकं आहे, नुसती मस्ती आहे,’ असा निवाडा झाला आणि घंटा वाजली. निवाडा देणाऱ्यांत मीही होतो. त्याच सत्रात मी त्याची अर्धवट प्रयोगवही सही न करता परत केली होती आणि भर प्रयोगशाळेत त्याला कामचुकार म्हटलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याचे वडील छत्रपती संभाजीनगरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांचा कागद घेऊन आले. कागदावर लिहिलं होतं, एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, लक्षावर आणि चंचलपणावर ताबा न राहण्याची मेंदूची अवस्था). वडिलांना तो शब्द वाचता येत नव्हता, आणि मला वाचता येत असून कळत नव्हता.

ते पंच्याऐंशी टक्के मात्र माझ्या डोक्यातून जाईनात. आपल्याकडे मुलाच्या अपयशाची चौकशी बारावीच्या गुणपत्रिकेपाशी सुरू होते आणि तिथंच संपते. तेव्हा जमलं, मग आता का जमत नाही? प्रश्न चांगला आहे. आपण त्याचं उत्तर शोधत नाही, मुलाच्या तोंडावर फेकतो, एवढंच.

तेव्हा का जमलं ते पाहू. दहावीनंतर तो लातूरला होता. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रभर जो गाजला, त्याचं मर्म मराठवाड्यातल्या कुठल्याही पालकाला ठाऊक आहे: रोजचं वेळापत्रक, प्रश्नपत्रिकांचा सराव, पुन्हा सराव, सतत चाचण्या. या मुलाला पहाटे साडेपाचला होस्टेलचे रेक्टर उठवत. सहाला पहिली बॅच. रविवारी टेस्ट, सोमवारी निकाल भिंतीवर. एक दिवस दिसला नाही की घरी फोन. काय वाचायचं, कधी, किती वेळ, कुणाच्या शेजारी बसून, सगळं बाहेरून ठरलेलं. त्याला ठरवायचं असं काही नव्हतंच.

मग नीटला नंबर लागला नाही आणि तो आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला आला. इथं दिवसाला तीन-चार तास, त्यातला एखादा होतो, एखादा होत नाही. परीक्षा चार-पाच महिन्यांनी. जर्नल ‘शेवटी द्या’. खोलीवर चौघं, स्वयंपाक आपला आपण, झोपेला वेळ नाही आणि विचारणारं कुणी नाही. मुलगा तोच होता, भोवतीचं कुंपण गेलं होतं. बारावीचे ते टक्के एडीएचडी नसल्याचा पुरावा नव्हते. बाहेरून आधार मिळाला तर हा मुलगा कुठवर जाऊ शकतो, याचा तो पुरावा होता. आम्ही तो उलटा वाचला.

एडीएचडी या नावाचा अर्थ लक्ष कमी असणं असा लावतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. हा मुलगा विहिरीवरची मोटर खोलून चार-चार तास बसतो, जेवायला हाक मारली तर ऐकू जात नाही. लक्ष भरपूर आहे. ते कुठं लावायचं, कुठून काढायचं, कंटाळवाण्या कामावर कसं टिकवायचं, याचा लगाम ढिला आहे. काम सुरू करणं, त्याचे तुकडे पाडणं, मधली गोष्ट ध्यानात धरून ठेवणं, वेळेचा अंदाज बांधणं, मनात आलेलं लगेच न करणं ही मेंदूची कारभारी कामं. ती या मुलांत वयाच्या मानानं मागे असतात. वाढत्या वयात हातापायांची चुळबुळ बरीचशी कमी होते, आतली अस्वस्थता राहते. म्हणून ‘तो तर शांत बसतो, त्याला कसला एडीएचडी’ हे वाक्य वर्गात मागच्या बाकाकडे बघून म्हणू नये. आणि ‘हे सगळं मोबाइलमुळे’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं अशा मुलांचं वर्णन १९०२ साली आपल्या व्याख्यानांत केलं होतं. मोबाइल आगीत तेल ओततो हे मान्य. आग त्यानं लावलेली नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. या मुलाचे वडील माझ्यासमोर बसून एका दमात मोसंबीची बाग, अर्धवट राहिलेला शेळ्यांचा गोठा आणि विकलेल्या टेम्पोची गोष्ट सांगत होते तेव्हा मला हसू आवरलं नाही. पण स्टाफरूममध्ये बसून निदान करू नये असं मी पुढं म्हणणारच आहे, तेव्हा ते तिथंच सोडतो.

माझा मुद्दा साधा आहे. अशा विद्यार्थ्याला कॉलेज आज जे देतं तो उपदेश असतो. त्याला हवी असते ती व्यवस्था. ‘मन लाव’, ‘नियोजन कर’, ‘आईबापाच्या कष्टांची जाणीव ठेव’ हे सगळं त्याला पाठ आहे, रात्री झोप येत नाही तेव्हा तो तेच स्वतःला ऐकवत असतो. नियोजन कर हा सल्ला ज्याचं नियोजनच अडतं त्याला देणं म्हणजे विहीर आटलेल्या माणसाला पाणी पीत जा सांगण्यासारखं आहे.

वडिलांना मी हे समजावत होतो. म्हटलं, सहा महिन्यांचा अभ्यास त्याच्यावर एकदम सोडला तर वाहून जातो, रोज थोडा थोडा, ठरल्या वेळी, कुणीतरी बघतंय अशा बेतानं दिला तर मुरतो. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “म्हंजी ठिबक लावा म्हणता का, सर?” मी आठवडाभर वाचून जे मांडत होतो ते त्यांनी एका शब्दात उरकलं. “सर, लेकरू वाईट नाही हो. सांगितलेलं ध्यानातच राहत नाही त्याच्या,” असंही म्हणाले. हे वाक्य ते पहिलीपासून प्रत्येक मास्तरला सांगत आले होते.

आता कुणी म्हणेल, मग लातूरसारखंच कुंपण पुन्हा घाला. नाही. त्या कुंपणाला धाक होता, भिंतीवरच्या निकालाची लाज होती आणि वर्षाला काही लाखांचा खर्च होता. त्यात किती मुलं मोडली ते आपण बोलत नाही. शिवाय ते कुंपण मुलाला स्वतःचं कुंपण घालायला शिकवत नव्हतं. आधार असा हवा की तो हळूहळू काढता येईल, आणि काढताना मुलाला विचारलं जाईल.

आमच्या कॉलेजात ‘मेंटॉर-मेंटी’ योजना आहे. सगळीकडेच आहे, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला ती लागते. दर प्राध्यापकामागे वीस-पंचवीस मुलं, एक रजिस्टर, त्यात ‘विद्यार्थ्याशी संवाद साधला’ अशी वाक्यं. समिती यायच्या आदल्या रात्री ती एकाच शाईनं लिहिली जातात हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण मीही लिहिली आहेत. या मुलासाठी मी ते रजिस्टर खरं करून पाहिलं. दर मंगळवारी पावणेबाराला दहा मिनिटं. तीनच प्रश्न: या आठवड्यात काय द्यायचंय, त्यातलं पहिलं पाऊल कोणतं, ते कधी आणि कुठं बसून करणार. उत्तर त्याच्या वहीत त्याच्या अक्षरात. मागच्या आठवड्याचं झालं नसेल तर भाषण नाही, फक्त तुकडा आणखी लहान करायचा. ‘भौतिक रसायनाचं दुसरं प्रकरण’ हे काम नाही, ‘पान ४१ वरची दोन गणितं’ हे काम आहे. जर्नलवर सही सत्राच्या शेवटी न करता प्रत्येक प्रॅक्टिकलला, प्रयोगशाळेतून बाहेर पडण्याआधी. यामुळे इतर मुलांच्याही वह्या पूर्ण झाल्या, हा फुकटचा लाभ.

पाच राहिलेले विषय त्याला एकदम काढायचे होते. हा अशा मुलांचा नेहमीचा घोळ: आत्ता जोश आहे म्हणून सगळं उचलायचं, पंधरा दिवसांनी सगळं टाकायचं. आम्ही दोनच धरले. घरच्यांना हे पटवणं अवघड गेलं, कारण घरी हिशेब वर्षांचा आणि भाड्याचा असतो.

एक गोष्ट मात्र त्यानंच मला शिकवली. खोलीवर त्याच्यानं पान उलटत नाही, पण बसस्टँडमागच्या अभ्यासिकेत तो तीन तास बसतो. तिथं कुणी त्याच्याशी बोलत नाही, शिकवत नाही. स्पर्धा परीक्षेची पोरं मान खाली घालून वाचत असतात, एवढंच. शेजारी दुसरा कुणी कामात आहे, या नुसत्या जाणिवेनं अशा अनेकांचं काम सुरू होतं. मराठवाड्यात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, महिन्याला काही शे रुपये घेऊन चालतात. कॉलेजच्या ग्रंथालयाचा हॉल मात्र पाच वाजता कुलूपबंद होतो. तो आठपर्यंत उघडा ठेवायला तज्ज्ञ लागत नाही, शिपायाची दुसरी पाळी लागते.

इथं सहकाऱ्यांचा पहिला आक्षेप येतो: उद्या सगळेच म्हणतील आम्हाला एडीएचडी आहे. येतील काही. आक्षेपात तथ्यही आहे, कारण लक्ष न लागण्याची कारणं शंभर आहेत. रात्री ढाब्यावर काम करणारा मुलगा दिवसा पेंगतो. रक्त कमी असलेल्या मुलीचं डोकं चालत नाही. थायरॉइड, नैराश्य, चिंता, घरातली दारू, सगळ्यांची लक्षणं वर्गात सारखीच दिसतात. म्हणूनच निदान हे काम आपलं नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांत, अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत, लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात आणि एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेतही, दिसावी लागतात. परीक्षेच्या महिन्यात अचानक कुणाला एडीएचडी होत नाही. प्रौढांमध्ये प्रमाण शंभरात दोन-तीन असावं असा वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा अंदाज आहे. बाराशे मुलांच्या कॉलेजात तीसेक होतात. आमच्या कॉलेजात कागद असलेला एकच आहे. मला खोट्या दाव्यांपेक्षा उरलेल्या एकोणतिसांची काळजी जास्त वाटते.

ते का सापडत नाहीत? वयाच्या बाराव्या वर्षाआधीचा पुरावा आणायचा कुठून, हा मराठवाड्यातला खरा प्रश्न आहे. बीडचं ऊसतोड कामगाराचं लेकरू दिवाळीनंतर फडावर जातं, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. कुठल्या एका मास्तरनं त्याला सलग पाहिलेलंच नसतं. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ २०१३ मध्ये सुरू झाला, त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतात, आणि ज्या आजार-अवस्था शोधायच्या त्यांच्या यादीत एडीएचडी आहे. कागदावर सोय चांगली आहे. पण ती अठरा वर्षांपर्यंत. म्हणजे जिथं कुंपण पडतं आणि अवस्था उघडी पडते, नेमकी तिथं सरकारची यादी मिटते.

मुलींचं आणखी वेगळं. त्यांच्यात दंगा कमी, हरवलेपण जास्त दिसतं. मुलगी खिडकीबाहेर बघते, विसरते, फॉर्मची तारीख चुकवते, आणि शाळा तिला गरीब स्वभावाची म्हणून शाबासकी देते. कॉलेजात दोन विषय राहिले की मुलाला म्हणतात, ‘पुढच्या वेळी काढ.’ मुलीला पुढची वेळ मिळेल याची खात्री नसते. बीड, परभणी, जालन्यात लहान वयातल्या लग्नांचं प्रमाण काय आहे ते आरोग्य सर्वेक्षणांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय, तेव्हा राहिलेल्या विषयांची, म्हणजे एटीकेटीची गुणपत्रिका ही तिच्या बाबतीत स्थळं बघायला सुरुवात करण्याची नोटीस ठरते. तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक हुशार, वेंधळी मुलगी अशीच लग्न होऊन कॉलेजातून गेली. तिला काय होतं ते मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं.

औषधाबद्दल घरोघरी भीती आहे, म्हणून थोडं. मिथाइलफेनिडेट हे यावरचं जुनं, भरपूर अभ्यासलेलं औषध. १९४० च्या दशकात तयार झालं, पन्नाशीच्या दशकात बाजारात आलं. भारतात ते शेड्यूल एक्समध्ये आहे: चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानदारानं दोन वर्षं जपायची, विकायला वेगळा परवाना. गैरवापर होऊ शकतो म्हणून हा बंदोबस्त आहे आणि तो असावा. पण त्याचा अर्थ असा की तालुक्याच्या मेडिकलवर हे मिळत नाही, दर महिन्याला शहर गाठावं लागतं. एक दिवस, एसटीचं भाडं, एक बुडालेलं प्रॅक्टिकल. आणि महिन्याच्या महिन्याला आठवणीनं जायचं कुणी, तर ज्याला आठवणीचाच त्रास आहे त्यानं! ॲटोमॉक्सेटिनसारखी या बंधनात नसलेली औषधंही आहेत. कुणाला कोणतं, किंवा द्यायचं की नाही, हे मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवायचं. एवढं मात्र खरं की गोळी लगाम हातात देते, घोडा कुठं न्यायचा ते शिकवत नाही. मंगळवारची दहा मिनिटं तेव्हाही लागतात.

दुसरा आक्षेप न्यायाचा: एकाला जादा वेळ दिला तर बाकीच्यांवर अन्याय. इथं कायदा काय म्हणतो ते आपण प्राध्यापकांनी वाचलेलं नसतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये पूर्वीच्या सात प्रकारांच्या जागी एकवीस आले. त्यात अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, मानसिक आजार आहे. एडीएचडी त्या नावानं नाही. म्हणून आमच्या कार्यालयातलं उत्तर तयार असतं: ‘यादीत नाही, चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणा.’ पण त्याच कायद्यात ‘वाजवी सोयी’ची कल्पना आहे. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराच्या बाबतीत, सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या उंबरठ्याशी बांधता येणार नाही, आणि सोय ही त्या त्या व्यक्तीची अडचण बघून ठरवायची असते. एडीएचडीचा तो खटला नव्हता. पण विचाराची दिशा पुरेशी स्वच्छ आहे. तासाला वीस मिनिटं जादा हा परीक्षांतला रुळलेला हिशेब आहे. आमच्या मुलाला तेवढेही नको होते. त्याला हवी होती वेगळी खोली, जिथं दर दहा मिनिटांनी पुरवणी वाटणारा माणूस ओरडत फिरणार नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, परीक्षेच्या आणि बदलाच्या काळात मुलांच्या छोट्या गटांना मार्गदर्शक नेमून द्यावेत, असं त्यात आहे. आमच्याकडे समुपदेशन कक्षाची पाटी आहे. आत जुन्या उत्तरपत्रिका आहेत.

तिसरा आक्षेप कुणी मोठ्यानं घेत नाही, पण तो सगळ्यांत खरा आहे: करायचं कुणी? निम्मे तास तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घेतात, तासावर मानधन, ते मानधनही महिनोन्महिने थकलेलं. दोन कॉलेजांच्या मध्ये मोटारसायकलवर जेवणाऱ्या माणसाला मी मंगळवारची दहा मिनिटं कोणत्या तोंडानं मागू? रिक्त जागा भरल्याशिवाय हे सगळं मूठभर प्राध्यापकांच्या हौसेवर चालणार, आणि हौस बदलीबरोबर जाते. हे मला मान्य आहे. पण आज जे फुकट आहे तेही आपण करत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत आली, तेव्हापासून मुलाच्या पुढ्यात मेजर, मायनर, कौशल्याचा एक, भाषेचा एक, मूल्यशिक्षणाचा एक असे छोटे छोटे विषय आहेत आणि प्रत्येकाची वेगळी तारीख. अंतर्गत मूल्यमापन सत्रभर पसरलेलं असावं ही मूळ कल्पना एडीएचडीच्या मुलाला वरदान ठरली असती. आम्ही ते सगळं शेवटच्या दहा दिवसांत कोंबतो. त्या तारखा सात व्हॉट्सॲप ग्रुपांवर, वाढदिवसांच्या शुभेच्छांच्या खाली. वर महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज आहेच: ऑनलाइन भरा, मग कागद कार्यालयात द्या, आधार बँकेला जोडा, एक कडी चुकली की वर्षाची रक्कम गेली. सगळ्या तारखा एका फळ्यावर, दारासमोर, महिन्याच्या एक तारखेला. याला पैसे लागत नाहीत.

आमच्या परीक्षा फॉर्मवर ‘दिव्यांग आहे का’ एवढाच एक चौकोन आहे, हो किंवा नाही. त्याखाली आणखी एक ओळ असावी असा ठराव मी कॉलेजच्या परीक्षा समितीत मांडला आहे: ‘परीक्षेत काही सोय हवी आहे का? असल्यास कोणती?’ उत्तर देणाऱ्याला आधी प्राचार्यांसमोर उभं करायचं नाही, डॉक्टरांचा कागद असेल तर जोडायचा, नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी कॉलेजनं द्यायची. ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. फॉर्म मात्र ठरल्या दिवशी सुटतील.

तो मुलगा मंगळवारी येतो, बहुतेक वेळा उशिरा. पाचपैकी तीन विषय निघाले. एक पुढच्या खेपेला धरला आहे. भौतिक रसायन अजून राहिलंय, आणि ते मीच शिकवतो.